मराठीत शोधलं की यादी रिकामी का येते? संशोधकांसाठी समस्या निवारण

पीएच.डी.च्या आराखड्यांत एक वाक्य हमखास भेटतं : ‘प्रस्तुत विषयावर मराठीत पूर्वसंशोधन झाल्याचे आढळत नाही.’ संशोधक विद्यार्थ्यांना संदर्भ शोधून द्यायचं काम मी करते. हे वाक्य दिसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शोधलं कुठे, आणि नेमकं काय टाइप करून? बहुतेकांनी गूगल स्कॉलरवर विषयाचं नाव मराठीत टाकलेलं असतं, चार-दोन भलतेच निकाल आलेले असतात आणि तिथेच शोध थांबलेला असतो. त्या एका रिकाम्या यादीच्या भरवशावर आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं काम नसल्यात जमा होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती यादी रिकामी येण्याची कारणं ठरावीक आहेत आणि बहुतेक कारणांवर उपाय आहे.

उदाहरणासाठी एकच विषय धरते : महाराष्ट्रातला १९७२चा दुष्काळ आणि त्या काळात उभी राहिलेली रोजगार हमी योजना. या विषयावर प्रबंध आहेत, सरकारी अहवाल आहेत, इंग्रजी नियतकालिकांतले लेख आहेत, आत्मकथनं आहेत. तरीही ‘मॅडम, काहीच सापडत नाही’ ही तक्रार या विषयावरही दरवर्षी येते.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा

शब्द बदलत बसण्याआधी एक साधी चाचणी करा. तुमच्या विषयावरचा एखादा प्रबंध किंवा लेख, जो अस्तित्वात आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तो घ्या. ज्या ठिकाणी शोधताय तिथे त्याचं शीर्षक टाका. मग त्याच्या आतल्या पानावरचे सलग चार-पाच शब्द अवतरणचिन्हांत टाका.

शीर्षक सापडलं, पण आतलं वाक्य सापडलं नाही, तर त्या यंत्राला फाइलच्या आतला मजकूर वाचता आलेला नाही. तिथे विषयाचे शब्द टाकून उपयोग नाही. लेखक, मार्गदर्शक, विद्यापीठ, वर्ष अशा नोंदींवरूनच जावं लागेल. दोन्ही सापडलं नाही, तर त्या साठ्यात ते साहित्यच नाही, किंवा त्याची नोंद वेगळ्या लिपीत झाली आहे. दोन्ही सापडलं, तर साठा ठीक आहे आणि अडचण तुमच्या शोधशब्दांत आहे. पाच मिनिटांच्या या तपासणीने पुढचे कित्येक तास वाचतात, म्हणून मी कोणाशीही बोलताना तिच्यापासूनच सुरुवात करते.

आकडे, विसर्ग आणि शेतकऱ्यांचा ‘ऱ’

संगणक शब्द वाचत नाही, अक्षरांमागचे क्रमांक जुळवतो. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द त्याच्या लेखी वेगळे असू शकतात, आणि देवनागरीत असं फार वेळा घडतं.

‘शेतकऱ्यांचे स्थलांतर’ हे दोन शब्द घ्या. यातलं ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका तऱ्हेत युनिकोडमधलं (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतलं) ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, त्याला हलन्त आणि पुढे ‘या’. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह आणि मग ‘या’. पहिलं ‘शेतकऱ्यांचे’, दुसरं ‘शेतकर्‍यांचे’. पडद्यावर फरक शोधूनही दिसणार नाही. तिसराही प्रकार आहे : ते न दिसणारं चिन्ह फाइल एका प्रणालीतून दुसरीत जाताना गळून पडतं आणि ‘शेतकर्यांचे’ उरतं. गूगलचा मुख्य शोध अशी रूपं बऱ्याचदा सांभाळून घेतो. विद्यापीठांच्या आणि ग्रंथालयांच्या स्वतःच्या शोधखिडक्या, तसंच पीडीएफमधलं कंट्रोल-एफ यांच्यावर मात्र तेवढा भरवसा ठेवता येत नाही. सोपा मार्ग म्हणजे असं अक्षर येणारच नाही असा शब्द निवडायचा : ‘शेतकरी’, ‘शेतमजूर’, ‘कास्तकार’. ते शक्य नसेल तेव्हा दोन्ही रूपं एकदा एका फाइलमध्ये साठवून ठेवा आणि आलटून पालटून चिकटवा.

‘ॲ’चं तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात ते असूच शकत नाही. तिथे ‘अ’वर चंद्र चढवलेला असतो, किंवा हिंदीसाठीचं ‘ऍ’ वापरलेलं असतं. ‘ॲट्रॉसिटी कायदा’ या विषयावर शोधणाऱ्यांनी तिन्ही रूपं टाकून पाहिलीच पाहिजेत.

विसर्गाचा घोळ तर अगदी रोजचा. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःशस्त्र’ यांत पुष्कळ जण विसर्गाऐवजी कळफलकावरचा कोलन दाबतात. छापल्यावर कळत नाही, पण यंत्राच्या दृष्टीने ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन तुकडे होतात आणि मूळ शब्द नाहीसा होतो.

आणि आकडे. आपल्या विषयाच्या शीर्षकातच साल आहे, म्हणून इथे जरा थांबू. मराठी अंकांत लिहिलेलं १९७२ आणि इंग्रजी अंकांत लिहिलेलं तेच साल यांची यंत्राला सांगड घालता येईलच असं नाही. शिवाय ‘१९७२ चा’ असं तोडून लिहिणारे आहेत, ‘१९७२चा’ असं जोडून लिहिणारे आहेत, ‘७२ चा दुष्काळ’ म्हणणारे आहेत. ज्यांनी तो सोसला ते तर सरळ ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात. शिवाय हा दुष्काळ एकाच वर्षाचा नव्हता. इंग्रजी अभ्यासांत तो १९७०–७३ असाच येतो. साल टाकायचंच असेल तर ही सगळी रूपं ‘किंवा’ने जोडा. गूगलमध्ये त्यासाठी इंग्रजी ओ आणि आर ही अक्षरं कॅपिटलमध्ये, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून लिहायची.

अवतरणचिन्हांत किती शब्द ठेवायचे

इंग्रजीतले शोधाचे धडे सांगतात, की नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका. मराठीत हाच सल्ला अंगाशी येतो, कारण आपल्याकडे नामाला प्रत्यय लागला की नामच बदलतं. ‘रोजगार हमी योजना’ एवढं अवतरणचिन्हांत टाकलंत, तर ‘रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन’, ‘रोजगार हमी योजनेतील स्त्रिया’, ‘रोजगार हमी योजनांचा अभ्यास’ ही शीर्षकं हुकतील. अवतरणचिन्हांत फक्त ‘रोजगार हमी’ ठेवा. बदलणारा शब्द नेहमी शेवटचा असतो. तो बाहेर काढला की काम होतं.

याच्याच जोडीला ‘रोहयो’, ‘रो.ह.यो.’ आणि ‘पागे योजना’ हेही टाकून पाहा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या नावाने ही योजना ओळखली जाई, आणि जुन्या लेखांत कित्येकदा फक्त तेवढाच उल्लेख असतो. नाव शोधताना आद्याक्षरांमध्ये जागा सोडलेली आणि न सोडलेली अशी दोन्ही रूपं लक्षात ठेवा : ‘वि. स. पागे’, ‘वि.स. पागे’. त्याहून बरं म्हणजे ‘पागे’ एवढंच, जोडीला विषयाचा एखादा शब्द.

आणखी एक नित्याचा त्रास : मराठीत शोधलं आणि पानभर हिंदी निकाल आले. लिपी एक, आणि ‘शिक्षण’, ‘समाज’, ‘साहित्य’, ‘ग्रामीण’ हे शब्द दोन्हीकडचे. संख्येने हिंदी मजकूर जास्त, त्यामुळे तोच वर येतो. अशा वेळी शोधात ‘आणि’ घाला आणि ‘और’ला वजाचं चिन्ह चिकटवून तो वगळा. ‘ळ’ असलेला एखादा नेमका मराठी शब्द जोडीला घेतला तरी हिंदीचा भार पुष्कळ उतरतो. गूगल परस्पर तुमचा शब्द ‘दुरुस्त’ करत असेल, तर टूल्समधला व्हर्बेटिम हा पर्याय निवडा. मग तो तुम्ही लिहिलं तसंच शोधतो.

‘दुष्काळ’ हा शब्दच कागदात नसेल तर

सगळ्यात जास्त वेळ मी या मुद्द्याला देते, कारण इथे तंत्र पुरत नाही, विषय माहीत असावा लागतो.

महाराष्ट्राने १९६३ साली एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला. त्यानंतरच्या सरकारी इंग्रजी कागदांत ‘स्केअर्सिटी’ येतं आणि मराठीत ‘टंचाई’, ‘टंचाई परिस्थिती’. म्हणजे १९७२च्या आसपासचे शासकीय अहवाल तुम्ही ‘फॅमिन’ आणि ‘महाराष्ट्र’ हे शब्द टाकून शोधले, तर ज्यांनी तो दुष्काळ हाताळला त्यांचेच कागद तुमच्या यादीत येणार नाहीत. तेच ‘स्केअर्सिटी’ टाका, चित्र पालटतं. अर्थशास्त्रज्ञांचे लेख ‘ड्रॉट’ म्हणतात, तुलनात्मक अभ्यास करणारे परदेशी अभ्यासक ‘फॅमिन प्रिव्हेन्शन’ म्हणतात. तिन्ही ठिकाणी विषय तोच आहे. १८७६–७८ किंवा १८९६–९७च्या दुष्काळाकडे मागे जायचं असेल, तर मात्र इंग्रजी राजवटीचे कागद ‘फॅमिन’च म्हणतात.

महसूल खात्याची भाषा आणखी वेगळी. तिथे ‘आणेवारी’ आणि नंतर ‘पैसेवारी’, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा अंदाज. पीक पन्नास पैशांच्या आत आलं की पुढची कारवाई, हा हिशेब ज्यांना माहीत आहे ते ‘पैसेवारी’ शोधतात आणि त्यांना तालुकावार माहितीचे कागद मिळतात. ‘तगाई’ (शेतकऱ्यांना सरकारने दिलेलं कर्ज), ‘पाझर तलाव’, ‘नाला बंडिंग’, ‘जमीन महसूल माफी’ हेही याच कुळातले.

आणि लोकांची भाषा तिसरीच. आत्मकथनांत, ग्रामीण कथांत, मुलाखतींत ‘दुष्काळ निवारण’ कोणी म्हणत नाही. तिथे ‘खडी फोडायला जायचो’, ‘सुकडी मिळायची’, ‘मिलो खाल्ली’ असं असतं. सुकडी म्हणजे कामावर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ, मिलो म्हणजे बाहेरून आलेली तांबडी ज्वारी. ‘सुकडी’ आणि ‘बहात्तर’ एवढे दोन शब्द एकत्र टाकले तरी असे लेख समोर येतात, जे ‘दुष्काळाचे सामाजिक परिणाम’ टाकून जन्मात आले नसते. सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने शोधाला बसण्याआधी घरातल्या, गावातल्या वडीलधाऱ्यांशी अर्धा तास बोलावं आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत. तीच शोधशब्दांची पहिली यादी.

तर आपल्या विषयासाठी कागदावर तीन रकाने आखा : सरकार काय म्हणतं, अभ्यासक काय म्हणतात, लोक काय म्हणतात. प्रत्येक रकान्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही. गावा-जिल्ह्यांची जुनी नावंही याच कागदावर. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या नावांनीच १९७२चे सगळे कागद आहेत. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर टाकून ते मिळणार नाहीत.

१९६२च्या आधीचं लेखन शोधत असाल तर जुनं शुद्धलेखनही लागेल. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यापूर्वी ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’, ‘कोंकण’, ‘नाहीं’, ‘दुष्काळांत’ असं लिहीत. जुन्या ग्रंथांचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे ही रूपं तशीच ठेवतात, आणि ठेवायलाच हवीत. शोधणाऱ्याने ती ध्यानात घ्यायची.

पीडीएफ उघडते, पण आतलं सापडत नाही

फाइल समोर आहे, मराठी स्वच्छ दिसतंय आणि कंट्रोल-एफ म्हणतंय ‘शून्य’. त्यातली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा.

नीट मराठी आलं तर अडचण वर सांगितलेल्या अक्षरांची. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली, तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, मराठी डीटीपी श्रीलिपी आणि सीडॅकचं आयएसएम या सॉफ्टवेअरवर चालायचं. या फॉन्टमध्ये अक्षराचं चित्र मराठी असतं, पण आतला क्रमांक इंग्रजी अक्षराचा. शोधयंत्राने तो प्रबंध वाचलेला असतो, फक्त त्याच्यासाठी तो अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग असतो. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सचा भाग उघडा. ‘श्री-देव’ किंवा ‘डीव्ही’ने सुरू होणारी नावं दिसली की निदान पक्कं. फॉन्टचं नाव कळलं की त्या फॉन्टसाठीचं युनिकोड परिवर्तक वापरून मजकूर बदलून घेता येतो. परिवर्तक चुकीच्या फॉन्टचा निवडलात तर वाचता येईल इतपत, पण चुकांनी भरलेलं मराठी मिळतं. म्हणून आधी नाव पाहायचं.

मराठी आलं पण मोडकं, म्हणजे वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली, तर फाइल युनिकोडमधली असूनही पीडीएफ बनवताना अक्षरांची जुळणी बिघडली आहे. तिथे परिवर्तक चालत नाही. पानाचं चित्र करून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करावं लागतं.

आणि काहीच निवडता आलं नाही, तर ती स्कॅन केलेली चित्रं आहेत. तिथेही ओसीआरच. गूगल ड्राइव्हवर फाइल टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर निघतो; मोठ्या फाइलचे आधी लहान तुकडे करा. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठीसाठी वेगळी भाषा-फाइल देतं, शेकडो पानं असतील तर तेच सोयीचं. मात्र ओसीआरचा मजकूर शोधण्यासाठी वापरा, उद्धृत करण्यासाठी नको. ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’, अनुस्वार गायब, असं त्यात होत राहतं. प्रबंधात अवतरण घेताना मूळ पानाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

गूगल स्कॉलरवर मराठी लेख कमी का दिसतात, याचं मोठं कारण इथेच आहे. स्कॉलरला मजकूर शोधता येण्याजोगा लागतो, लेखाचं शीर्षक, लेखक, वर्ष ठरावीक पद्धतीने नोंदवलेलं लागतं, आणि फाइल पाच एमबीच्या आत लागते. स्कॅन केलेला, जड, कुठल्यातरी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नुसता टाकून ठेवलेला अंक या तिन्ही कसोट्यांना उतरत नाही. लेख चांगला आहे की वाईट, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

शोधगंगेत उतरताना

भारतीय प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा शोधगंगा हा ऑनलाइन प्रबंधसाठा ही पहिली जागा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. त्याआधीचे प्रबंध ज्या विद्यापीठांनी स्कॅन करून दिले तेवढेच तिथे आहेत, हे पहिल्यांदा समजून घ्या.

तिथली दुसरी अडचण नोंदींची. एकाच विभागातल्या तीन मराठी प्रबंधांपैकी एकाचं शीर्षक देवनागरीत, दुसऱ्याचं रोमन लिपीत, तिसऱ्याचं इंग्रजीत भाषांतर करून भरलेलं असतं. विषयाचे शब्द बहुधा इंग्रजी आणि ढोबळ. म्हणून तिन्ही तऱ्हांनी शोधा, आणि तरीही समाधान झालं नाही तर शोधखिडकी सोडून द्या. विद्यापीठ निवडा, विभाग निवडा आणि यादी सरळ डोळ्यांखालून घाला. मराठी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र या चार विभागांच्या याद्या चाळायला एक दुपार जाते. माझ्या अनुभवात मराठी प्रबंधांसाठी याहून खात्रीचा उपाय नाही.

प्रबंध उघडला की तो तुकड्यांत मिळतो : मुखपृष्ठ एका फाइलमध्ये, प्रमाणपत्र दुसऱ्या, प्रत्येक प्रकरण वेगळ्या. सगळ्यांत आधी संदर्भसूचीची फाइल उतरवून घ्या. आधीच्या संशोधकाने ग्रंथालयं पालथी घालून जमवलेली यादी असते ती, आणि तिच्यात अशी पुस्तकं, स्मरणिका, अप्रकाशित अहवाल मिळतात ज्यांची इंटरनेटवर कुठेच नोंद नाही. त्यानंतर मार्गदर्शकाचं नाव पाहा. एकाच मार्गदर्शकाकडे जवळजवळच्या विषयांवर अनेक प्रबंध झालेले असतात.

विद्यापीठांची नावं बदलली आहेत, तेही लक्षात असू द्या. पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर १९९४ साली झालं, नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव २००५ साली मिळालं. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर त्या काळचं नाव असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या प्रबंधांसाठी भारतीय विद्यापीठ संघाने छापलेल्या प्रबंधसूची पाहाव्यात. मोठ्या विद्यापीठ ग्रंथालयांत त्या असतात.

रोमन लिपीतल्या सूची

मराठी पुस्तकांचा मोठा साठा अमेरिकेतल्या विद्यापीठांत आहे. १९६२ पासून पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत योजनेखाली भारतीय भाषांतली पुस्तकं तिकडे नियमित जाऊ लागली, आणि पुढेही लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय ती खरेदी करत राहिलं. म्हणून वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित ऑनलाइन सूचीत असंही मराठी पुस्तक दिसतं, ज्याची प्रत आपल्याकडे शोधून थकायला होतं. पण तिथलं लिप्यंतर आपल्या सवयीचं नाही. ‘च’ला नुसता सी, सी-एच म्हणजे ‘छ’. शब्दातला न उच्चारलेला ‘अ’ही लिहिलेला. त्यामुळे ‘चळवळ’ हा शब्द तिथे सी-ए-एल-ए-व्ही-ए-एल-ए असा आहे. आपण सी-एच-ए-एल-व्ही-ए-एल टाकतो आणि हात हलवत परत येतो. ‘श’ एका एसने, ‘ष’ एस-एचने. ‘दुष्काळ’च्या शेवटी ए हवाच. अक्षरांवरच्या-खालच्या खुणा टाइप नाही केल्या तरी चालतं.

इंटरनेट आर्काइव्हवर भारतीय डिजिटल ग्रंथालय प्रकल्पातली हजारो मराठी पुस्तकं आहेत, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे दीर्घ ‘आ’साठी दोन ए, दीर्घ ‘ई’साठी दोन आय, मध्येच ॲपॉस्ट्रॉफी. शीर्षकात चुकाही पुष्कळ. तिथे लेखकाचं आडनाव चार प्रकारांनी टाकून पाहणं शीर्षक शोधण्यापेक्षा बरं.

या सगळ्याआधी निव्वळ मराठीतली सूची पाहायची तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची. पहिला खंड १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. एका माणसाने ग्रंथालयोग्रंथालयी फिरून हे काम उभं केलं. त्या काळातलं पुस्तक ‘नाही’ म्हणण्याआधी दात्यांची सूची पाहिली का, हे मी प्रत्येकाला विचारते.

नियतकालिक खरं आहे का

इथे थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाची केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद झाल्याचं फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर झालं. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर आहे. खऱ्या नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन क्रमांक उचलून बनवलेली बनावट संकेतस्थळं आहेत. आयएसएसएन म्हणजे केवळ ओळखक्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे. क्रमांक आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर टाकून प्रकाशक आणि गाव जुळतं का पाहा, मागचे अंक खरोखर उघडतात का पाहा, संपादक मंडळातल्या एखाद्याच्या विद्यापीठाच्या पानावर त्या कामाचा उल्लेख आहे का पाहा. २००३ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात सुरू झालेली डीओएजे ही मुक्त नियतकालिकांची निर्देशिका विश्वासार्ह आहे, पण तिथे फक्त ऑनलाइन मोफत वाचता येणारी नियतकालिकं येतात. वर्षानुवर्षं निष्ठेने छापील निघणारं मराठी नियतकालिक तिथे नसेल, तर त्यावरून त्याचा दर्जा ठरवू नका.

संदर्भ आहे, पण लेखच कुठे नाही

ही तक्रार अलीकडे वाढली आहे. संदर्भ अगदी व्यवस्थित : लेखक, वर्ष, नियतकालिक, पृष्ठांक, सगळं आहे. लेख मात्र कुठेच नाही. संदर्भ कुठून मिळाला असं विचारल्यावर कळतं, की एआय चॅटबॉटला विचारलं होतं. ही साधनं खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेला लेख सहज लिहून देतात. डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. भलताच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही तर तो संदर्भ काढून टाका. डीओआय नसेल तर त्या वर्षाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहा. मराठी नियतकालिकांना डीओआय क्वचितच असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत अनुक्रमणिका हाच आधार. लेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संदर्भसूचीत घालू नका.

शोधाची नोंद

एक साधा तक्ता ठेवा : तारीख, ठिकाण, टाकलेले शब्द जसेच्या तसे, किती निकाल पाहिले, काय मिळालं. रिकाम्या हाताने परतलेले शोधही लिहा. याचे दोन फायदे. सहा महिन्यांनी तोच शोध पुन्हा करावा लागत नाही. आणि मौखिक परीक्षेत ‘पूर्वसंशोधन कसं तपासलं?’ असं विचारलं, तर हा तक्ता पुढे ठेवता येतो.

पडद्यावर नाहीच मिळालं तर

दुष्काळासारख्या विषयाचे काही कागद अजून कपाटातच आहेत. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय शासकीय अहवालांसाठी फार मोलाचं आहे, आणि त्यांनी बरंच साहित्य ऑनलाइनही ठेवलं आहे. जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं यांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे मराठी ग्रंथालय. विधिमंडळातल्या चर्चांचे वृत्तांत मुद्दाम पाहा. रोजगार हमीवरचे वाद सभागृहात काय शब्दांत झाले ते त्यांत आहे. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, त्यामुळे त्या वर्षाचे खंड आधी मागा.

ग्रंथपालाला पत्र किंवा ईमेल पाठवताना ‘दुष्काळावर काही आहे का?’ असं विचारू नका. त्याला हो म्हणण्यापलीकडे उत्तर नाही. असं लिहा : ‘१९७० ते १९७५ या काळातले उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांतील टंचाई कामांचे अहवाल, महसूल विभागाची प्रकाशनं किंवा स्थानिक साप्ताहिकांचे अंक आपल्याकडे आहेत का? अमुक सूचीत आणि अमुक ठिकाणी पाहिलं, तिथे मिळालं नाही. आहेत असं कळल्यास मी अमुक तारखेपासून येऊन पाहू शकेन.’ काळ, जिल्हा, कागदाचा प्रकार आणि आधी कुठे पाहिलं, या चार गोष्टी पत्रात असल्या की ग्रंथपाल जागेवरून उठून मागच्या खोलीत जातो. जाताना विद्यापीठाचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवा, आणि पानांचे फोटो घ्यायला परवानगी आहे का, हे आधीच फोनवर विचारून घ्या.